मग आमचीच शेळी का?

अन्नसाखळीचा धडा संपत आला होता. फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा अशी बाणांची रांग होती आणि तिच्याखाली दुसरी छोटी रांग, हरिण आणि बिबट्या. मी मुलांना सांगत होते की बिबट्या नसता तर हरणं आणि रानडुकरं बेसुमार वाढली असती, त्यांनी रान फस्त केलं असतं, मग पाऊस, माती, पाणी सगळंच बिघडलं असतं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. आठच दिवसांपूर्वी तिच्या घरची गाभण शेळी बिबट्यानं नेली होती. ते मला माहीत होतं, पण शिकवण्याच्या भरात विसरले होते. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडं शेळ्या तीनच होत्या. त्या कुठं जास्त झाल्या होत्या? मग आमचीच शेळी का?"

"निसर्गाचा नियम असतो बाळ," असं काहीतरी मी बोलले. ती मुकाट्यानं खाली बसली. मुलं गप्प बसली की त्यांना पटलं असं आम्ही शिक्षक धरून चालतो. तिला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. तिचा प्रश्न नेमका होता. जे जास्त होतं ते शिकारी जनावर कमी करतं, असं मी म्हणाले होते. तिच्या घरी जास्त काही नव्हतंच.

आमची शाळा प्रवरेच्या खोऱ्यातली. दोन्ही बाजूंना ऊस. त्या एका प्रश्नामुळे पुढची सगळी वर्षं हा धडा मी वेगळ्या रीतीनं शिकवत आले. ती रीत आणि तिच्यामागची माहिती, दोन्ही इथं मांडते.

मूल शाळेत येतं तेव्हा शिकारी प्राण्यांबद्दल त्याचं मत आधीच तयार असतं. कोल्हा लबाड, लांडगा दुष्ट, मगर दगाबाज, आणि घराजवळ घुबड बोललं की कुणीतरी जाणार. शाळेत आम्ही यावर दुसरा रंग चढवतो. धामण शेतकऱ्याची मैत्रीण, घुबड शेतकऱ्याचा मित्र, गिधाड सफाई कामगार. म्हणजे आधी शत्रू होता, आता नोकर झाला. धामणीला शेतकरी कोण हे ठाऊक नाही. तिला भूक लागते, उंदराचा माग लागतो आणि ती बिळात शिरते. तीच धामण एखाद्या दिवशी खुराड्यात शिरून अंडी गिळते, तेव्हा "मैत्रीण" शिकलेल्या मुलाला बाईंनी आपल्याला खोटं सांगितलं असं वाटतं. तसं वाटणं रास्तच आहे.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाबद्दल २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उद्यानात आणि त्याच्या कडेला राहणारे सुमारे ३५ बिबटे वर्षाला अंदाजे १,५०० भटकी कुत्री खातात, म्हणून कुत्रे चावण्याचे आणि रेबीजचे बरेच प्रसंग टळतात, असा त्यातला हिशेब. अभ्यास चांगला आहे आणि मी तो मुलांना सांगतेही. पण बिबट्या हे आपल्यासाठी करतो, असं वाक्य मी आता तोंडातून निघू देत नाही. उपयोगाचा आहे म्हणून ठेवायचा, असं एकदा शिकवलं की उपयोग संपल्यावर मारायचा, हेही त्यातच आलं.

मग सुरुवात कुठून करायची? मी घुबडापासून केली, कारण ते जवळ होतं.

गावात एका पडक्या वाड्याच्या माळवदाखाली गव्हाणी घुबडाची जोडी राहायची. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळे डोळे, आणि उडताना पंखांचा जराही आवाज नाही. मुलं त्या वाड्याकडे फिरकत नसत. वाड्याच्या जमिनीवर अंगठ्याएवढ्या जाड, काळपट गोळ्या पडलेल्या असत. ताज्या असल्या की रोगण लावल्यासारख्या चमकतात, वाळल्या की राखाडी, लोकरीसारख्या होतात. बघणाऱ्याला ती विष्ठा वाटते, पण ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर चावत नाही, बहुतेक वेळा अख्खाच गिळतं. त्याच्या पोटातला आम्ल रस घार-ससाण्यांच्या मानानं सौम्य असतो, त्यामुळे मांस पचतं, पण हाडं, दात आणि केस तसेच राहतात. पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात ते दाबून एकत्र बांधले जातात आणि काही तासांनी घुबड ती गोळी ओकून टाकतं. आधीची गोळी बाहेर पडल्याशिवाय त्याला पुढचं नीट खाता येत नाही.

मी त्यातल्या सात गोळ्या उचलून आणल्या, कडक उन्हात आठवडाभर वाळवल्या, मुलांना हातमोजे दिले, तोंडाला रुमाल बांधायला लावले आणि वर्गात वर्तमानपत्रं अंथरली. हत्यारं म्हणजे दाभण, कंपासपेटीतला कर्कटक आणि एक चिमटा. पहिली पाच मिनिटं मुली नाक मुरडत होत्या. मग एका गटातून आरोळी आली, "बाई, दात!" केसांच्या गुंत्यातून एक कवटी निघाली होती, करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी. पुढचे दोन दात लांब, वाकडे आणि केशरी. उंदरानं पान खाल्लं होतं का, असं एकानं विचारलं. उंदराच्या पुढच्या दातांच्या बाहेरच्या थरात लोह असतं, त्यानं तो थर कठीण होतो आणि रंगही येतो. मागची बाजू मऊ असल्यामुळे ती आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तीही सगळ्यांनी बोट लावून पाहिली.

एका कवटीत ती मोकळी जागा नव्हतीच. निमुळतं तोंड, एका ओळीत बारीक टोकदार दात, आणि रंग पांढरा. ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदरासारखी दिसली तरी उंदीर नव्हे, ती स्वतःच किडे, झुरळं, गांडुळं खाणारी शिकारी. म्हणजे शिकाऱ्याच्या पोटात शिकारी. माझ्या फळ्यावरच्या सरळ रांगेत ही कुठं बसवायची, ते मुलांना सुचेना, मलाही सुचेना. मग आम्ही रांग पुसली आणि जाळं काढलं.

सात गोळ्यांत चोवीस कवट्या निघाल्या. गोळ्या दिवसाला एक किंवा दोन पडतात. एका घुबडाला रात्री तीन-चार उंदीर लागतात, असं धरून मुलांनी वर्षाचा गुणाकार केला. हजाराच्या वर गेला. पाठीमागून प्रश्न आला, "मग बाई, गावातले उंदीर संपले का नाहीत?"

या प्रश्नावर मी मुद्दाम पूर्ण तासभर थांबते. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका खेपेला पाच-सहा किंवा जास्त पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. मुलांनी हाही गुणाकार केला आणि वहीचं पान पुरेना. घुबड उंदीर संपवू शकत नाही. उलट, ज्या वर्षी उंदीर पुष्कळ त्या वर्षी गव्हाणी घुबड जास्त अंडी घालतं, आणि उंदीर कमी झाले की अंडी कमी घालतं किंवा पिल्लं उपाशी मरतात. किती घुबडं जगणार हे बऱ्याच अंशी उंदीर ठरवतात. खाणारा वरचढ आणि खाल्ला जाणारा बिचारा, हा मुलांच्या मनातला पक्का हिशेब इथं पहिल्यांदा हलतो. शिकारी प्राणी मालक नसतो. भक्ष्याच्या संख्येला तो बांधलेला असतो.

हेच मोठ्या जनावराला लावून पाहिलं की आणखी स्पष्ट होतं. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी नागरहोळेतल्या अभ्यासांवरून एक ठोकळ हिशेब सांगितला आहे. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी सुमारे ५० जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक. वाघ रानातल्या जनावरांपैकी साधारण दहावा हिस्साच दरवर्षी काढू शकतो, त्याहून जास्त काढला तर कळप घटत जातो. म्हणजे ५० जनावरं मिळायला मागे ५०० हवीत. पाचवीच्या मुलाला हा हिशेब तोंडी येतो. पुढे मी विचारते, पाचशे चितळांना किती कुरण लागेल? दहा वाघांना किती? तेव्हा त्यांना आपोआप उमगतं की वाघ मुळातच थोडे का असतात. शिकार झाली म्हणून ते घटतात हे खरंच, पण शिकार नसती तरी ते उंदरांसारखे हजारांनी नसते. गवतानं साठवलेल्या उन्हातलं फार थोडं हरणापर्यंत पोचतं आणि हरणातलं फार थोडं वाघापर्यंत. रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञानं एका तळ्याचा अभ्यास करून ही गळती पहिल्यांदा नीट मांडली. त्याचा निबंध १९४२ मध्ये छापून आला, त्याच्या काही महिने आधीच तो सत्ताविसाव्या वर्षी वारला होता. हे सांगितलं की मुलं गप्प होतात.

वाघाची बहुतेक झडप फुकट जाते. दहा-वीस प्रयत्नांत एखादा साधतो. धावण्यात शक्ती जाते, शिंग लागलं तर जखम होते, आणि जखमी वाघ उपाशी मरतो. म्हणून प्रत्येक शिकारी जनावर खर्च आणि मिळकत यांचा मेळ घालत असतं. आपल्याकडची भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी सगळ्यांना आठवत असेल. जाताना वाटेत वाघ आडवा येतो, तेव्हा ती म्हणते, आता मी हडकुळी आहे, लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा. आणि वाघ थांबतो. ही गोष्ट रचणाऱ्यांनी जनावर निरखलेलं होतं, असं मला नेहमी वाटतं. हाडांसाठी धावायचं की चरबीसाठी थांबायचं, हा खरोखर वाघापुढचा प्रश्न आहे. मी ही गोष्ट आता पुन्हा वर्गात सांगते, सहावीतसुद्धा.

अन्नजाळं शिकवताना दोऱ्याचा एक खेळ पुष्कळ शाळांत घेतात. मुलं गोल उभी राहतात, कुणी गवत, कुणी बेडूक, कुणी साप होतं. दोऱ्याचा गुंडा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि मग एकानं दोरा सोडला की सगळ्यांच्या हातातलं जाळं सैल पडतं. खेळ छान आहे, पण त्यातून एक चुकीची गोष्ट मनात बसते. कुणीही दोरा सोडला तरी सारखाच परिणाम, असं मुलांना वाटतं.

तसं नसतं, हे रॉबर्ट पेन यांनी हातानं करून पाहिलं. १९६३ पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, प्रशांत महासागराच्या खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी ते जात आणि खडकाच्या एका पट्ट्यावरचे सगळे तारामासे उपटून समुद्रात दूर फेकत. शेजारचा पट्टा तसाच ठेवत. हा तारामासा कालवांसारख्या शिंपल्यांवर जगतो. तो गेल्यावर शिंपले पसरत गेले आणि त्यांनी बाकीच्यांना जागाच ठेवली नाही. आधी त्या पट्ट्यावर १५ जातींचे जीव होते, ते पुढे ८ वर आले. दुसरा एखादा जीव काढला असता तर इतकं घडलं नसतं. दगडी कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड काढला की कमान ढासळते. पेन यांनी १९६९ मध्ये अशा जीवाला त्या मधल्या दगडाचंच नाव दिलं. आपल्याकडे आता कळीची प्रजाती म्हणतात. दोऱ्याचा खेळ मी अजून घेते, पण दोरा सोडायची पाळी आली की आधी विचारते, कुणी सोडला तर काय होईल? मुलं भांडतात, बेडूकवाला सापवाल्याशी हुज्जत घालतो. ती हुज्जत हाच तिथला अभ्यास.

आता त्या मुलीच्या शेळीकडे येते.

बिबट्या हे घनदाट जंगलातलं जनावर, तो गावात आला म्हणजे वाट चुकला, असं आपण समजतो. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना तसं कधी वाटलं नाही. ते बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि वाघ शिवारात असतोच, असं धरून चालतात. धरणं आणि कालवे झाल्यावर ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं, माणसापेक्षा उंच, सावलीचं आणि पाण्याजवळचं हे पीक. बिबट्याच्या माद्या उसातच वितात. ऊसतोड सुरू झाली की बछडी सापडतात, आणि वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, म्हणजे रात्री आई येऊन एकेक उचलून नेते.

विद्या अत्रेय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच अकोले भागात कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा, जंगल जवळजवळ नसलेल्या या शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले, आणि जवळजवळ तेवढीच तरसं. मग ते खातात काय? त्यासाठी त्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा केली, धुतली आणि तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कुठल्या जनावराचे ते ओळखलं. आमच्या घुबडाच्या गोळीचंच हे मोठं भावंड. २०१४ मध्ये छापलेल्या निष्कर्षात, बिबट्याच्या खाण्यापैकी ८७ टक्के वजन पाळीव आणि गावाच्या आसऱ्यानं राहणाऱ्या जनावरांचं निघालं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या.

मी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा ती मुलगी आठवीत गेली होती. मी तिला वर्गातून बोलावून घेतलं आणि विचारलं, शेळ्या सातपट असून बिबट्या कुत्रीच जास्त का खातो? थोडा वेळ आकड्यांकडे पाहून ती म्हणाली, "कुत्री मोकळी असत्यात. शेळ्या रात्री कोंडलेल्या."

तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. तिच्या घरचा गोठा म्हणजे तुराट्यांचा कूड आणि वर पत्रा. त्या रात्री दाराला नुसती दोरी बांधलेली होती. बिबट्याला तीन शेळ्या जास्त झाल्या की कमी, याच्याशी काही घेणं नव्हतं. कुत्र्याच्या मागे धावण्यापेक्षा दोरीमागची गाभण शेळी सोपी होती. हे उत्तर कठोर आहे, पण त्यात मुलीच्या हाती काहीतरी लागतं. निसर्गाचा नियम म्हटलं की तिनं करायचं काहीच उरत नाही. धनगर मेंढ्यांभोवती वाघर लावून, कुत्री राखणीला ठेवून रात्र काढतात, ते याच जाणिवेनं.

इतका त्रास आहे तर बिबटे पकडून लांब नेऊन का सोडत नाहीत, हे मुलं दरवर्षी विचारतात. मोठी माणसंही विचारतात. तो प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. जुन्नर भागात २००१ च्या सुमारास शेतांतून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडले आणि आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात, अनोळखी माणसांमध्ये टाकलेलं जनावर बिथरतं, आणि त्याची मूळ जागा रिकामी राहत नाही, दुसरा तरुण बिबट्या तिथं येतो. आजोबाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या नर बिबट्याला बाहेर काढलं, आजोबा असं नाव दिलं, गळ्यात पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. तिथून तो शेतं, रस्ते, रेल्वे, खाडी ओलांडत मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास त्यानं वस्त्यांच्या मधून केला आणि वाटेत कुणा माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली तो मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. मुलांना नकाशावर त्याचा मार्ग काढायला लावला की त्यांचा भूगोलाचा तास होतो आणि रडूही येतं.

पण आजोबाची गोष्ट सांगून थांबलं तर पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली आहेत. आपल्यासमोर बसलेल्या एखाद्या मुलाच्या नात्यातलं कुणी असू शकतं. ज्या वर्गात हे दुःख बसलं आहे तिथं समतोलाचं कौतुक सांगत सुटणं मला आता जमत नाही. भीती खरी आहे आणि ती मुलांकडून काढून घ्यायची नाही, तिला वळण द्यायचं. अंधारात एकट्यानं उसाच्या कडेनं जायचं नाही. चार जणांनी बोलत, गाणी लावून, बॅटरी घेऊन जायचं. संध्याकाळी उघड्यावर बसायचं नाही, कारण उकिडवं बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला कुत्र्या-शेळीच्या उंचीचं दिसतं. घराजवळ उकिरडा साठू द्यायचा नाही, उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून तो. समोर दिसला तर पाठ दाखवून पळायचं नाही. बछडी सापडली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं.

सापांचंही तसंच आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा अंदाज आहे. हे सांगितल्याशिवाय "साप मारू नका" म्हणायचा मला अधिकार नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार ओळखायला शिकवायची. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता सरळ दवाखाना गाठायचा, हे पाठ करून घ्यायचं. त्यानंतर सांगायचं की साप उंदराच्या मागावर घरात येतो, म्हणून धान्याची कणगी आधी बघा. या क्रमानं सांगितलं की मुलं ऐकतात.

आता समतोल या शब्दाबद्दल. पुष्कळ पुस्तकांत त्याच्याशेजारी तराजूचं चित्र असतं, एका पारड्यात हरणं, दुसऱ्यात वाघ, काटा मधोमध. मुलांच्या मनात ते चित्र घट्ट बसतं, आणि ते चुकीचं आहे. सुपीरियर या अमेरिकेतल्या अवाढव्य सरोवरात आईल रॉयल नावाचं बेट आहे. तिथं मूस राहतात, म्हणजे घोड्याएवढी उंच हरणं, आणि त्यांना खाणारे लांडगे. १९५८ पासून तिथं दोघांची मोजणी चालू आहे. मी मुलांना आलेख कागदावर ते आकडे मांडायला देते. १९८० मध्ये ५० लांडगे. दोनच वर्षांत १४, कारण कुत्र्यांचा एक विषाणू बेटावर पोचला. पुढे लांडगे आपसातच वाढत राहिले, रक्त कमजोर होत गेलं, आणि २०१६ च्या सुमारास दोनच उरले. २०१९ पर्यंत मूस वाढून दोन हजारांच्या घरात गेले आणि बेटावरची कोवळी झाडं ओरबाडू लागले. २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले. साठ वर्षांच्या त्या आलेखात दोन्ही रेषा एकदाही सरळ चाललेल्या नाहीत. काटा मधोमध कुठं आहे, असं विचारलं की मुलं कागद फिरवून फिरवून बघतात. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं, ज्यानं अन्नसाखळीचा अभ्यास पक्क्या पायावर उभा केला, त्यानंच १९३० मध्ये निसर्गाचा समतोल अशी काही स्थिर गोष्ट नसतेच, असं लिहून ठेवलं होतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाची गोष्ट आता सर्वत्र सांगितली जाते. १९९५-९६ मध्ये ३१ लांडगे परत आणले, हरणं घटली, नदीकाठची झाडं वाढली आणि नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले, अशी ती गोष्ट. लांडग्यांच्या येण्यानं तिथं फरक पडला हे नक्की, पण प्रवाह बदलण्यापर्यंतचा दावा बऱ्याच शास्त्रज्ञांना मान्य नाही. अस्वलं, माणसांची शिकार, दुष्काळ, बीव्हर यांचाही त्यात हात आहे. मोठ्या मुलांना मी हा वाद वाद म्हणूनच सांगते.

दिवाळीच्या आधी, शहरात ज्या दिवशी वसुबारस असते, त्या दिवशी आमच्या डोंगराकडच्या आदिवासी गावांत वाघबारस असते. शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड, कुठं दगडावर किंवा लाकडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. नैवेद्य दाखवतात, गुराढोरांना सांभाळ म्हणतात. पालघर, ठाणे, मुंबईकडच्या वारली पाड्यांत संशोधकांनी अशी दीडशेहून जास्त वाघोबाची ठाणी नोंदवली आहेत. ही माणसं वाघाला चांगलं म्हणत नाहीत की वाईट म्हणत नाहीत. तो आहे, त्याला मान द्यायचा आणि आपलं सांभाळायचं. वर्गातल्या डोंगराकडच्या मुलांना मी हे सांगायला उभं करते, तेव्हा मी मागच्या बाकावर जाऊन बसते.

त्या मुलीनं आठवीच्या दिवाळीत गृहपाठाच्या वहीत गोठ्याचं चित्र काढून आणलं. पट्टीनं मापं घेतली होती. कूड सहा फूट. कूड आणि पत्र्याच्या मध्ये फट सव्वा फूट. दारात खालून वीतभर मोकळं. प्रत्येक फटीसमोर बाण काढून लिहिलं होतं, "इथून येऊ शकतो." शेवटच्या पानावर जाळीचा हिशेब होता, किती फूट, किती रुपये, आणि खाली आईची सही.